आंबोली ते पारपोली : फुलपाखरांच्या कामाच्या वेळा

गुरुवार : आंबोली

पावसाळा ओसरल्यानंतरचे काही आठवडे सह्याद्रीत फुलपाखरांच्या छायाचित्रणासाठी फार अनुकूल असतात. जून ते सप्टेंबर या काळात अळ्यांना कोवळा पाला मुबलक मिळतो, त्या पोसून कोशात जातात आणि ऑक्टोबरात ऊन नियमित पडू लागले की त्या पिढ्यांची फुलपाखरे मोठ्या संख्येने उडताना दिसतात. वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या आंबोलीत हा पालट विशेष ठळक असतो, कारण भर पावसात तिथे दिवसचे दिवस धुक्यातून ऊनच खाली उतरत नाही. म्हणून ऑक्टोबरच्या अखेरीस, समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवरची आंबोली आणि घाटाच्या पायथ्याशी असलेले पारपोली, अशी दोन ठिकाणे मी आणि माझ्या मित्राने निवडली.

फुलावर पंख पसरून बसलेल्या फुलपाखराचे चित्र ओळख पटवण्यासाठी उपयोगी असते, परंतु ते फुलपाखरू तिथे काय करत होते हे त्यातून क्वचितच कळते. मला या वेळी काम करणारी फुलपाखरे टिपायची होती : ओल्या वाळूतून क्षार शोषणारे नर, अंडे घालण्यापूर्वी पान चाचपून पाहणारी मादी, मुंग्यांच्या पहाऱ्यात वाढणारी अळी. अशा चित्रात फुलपाखराइतकेच महत्त्व त्या पानाला, त्या चिखलाला आणि त्या मुंगीला असते. त्यामुळे चौकट फुलपाखराने भरून टाकण्याची सवय थोडी बाजूला ठेवावी लागते, आणि हे वाटते तितके सोपे नाही, कारण अगदी जवळून लहान वस्तू मोठ्या टिपणारी मॅक्रो लेन्स हातात असली की आणखी जवळ जाण्याचा मोह सतत होतो.

त्या मोहाला भौतिकशास्त्रही साथ देत नाही. माझ्या १०० मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्सने विषय त्याच्या प्रत्यक्ष आकाराएवढा सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रतिमा टिपणाऱ्या पट्टीवर, घ्यायचा, तर लेन्सच्या टोकापासून फुलपाखरापर्यंत जेमतेम १५ सेंटिमीटर अंतर उरते, आणि मोठ्या सेन्सरच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर अॅपर्चर, म्हणजे लेन्सचे प्रकाशछिद्र, एफ ११ इतके लहान ठेवले तरी सुस्पष्ट दिसणारी खोली सव्वा मिलिमीटरच्या आसपासच राहते. तेच चित्र एक चतुर्थांश आकारात घेतले तर ही खोली सव्वा सेंटिमीटरच्या घरात जाते, म्हणजे डोळा, सोंड आणि ती सोंड जिथे टेकली आहे ती जागा अशी तिन्ही एकाच वेळी स्पष्ट येऊ शकतात. मित्राकडे १८० मिलिमीटरची लेन्स होती. तिच्यामुळे त्याला फुलपाखरापासून अधिक दूर राहता येत होते, मात्र तिचे वजन हातात फार वेळ पेलवत नसल्याने त्याला मोनोपॉड, म्हणजे कॅमेऱ्याचा एकपायी आधार, सोडता येत नव्हता.

दुपारी पोहोचलो तेव्हा ढग आणि ऊन यांचा लपंडाव सुरू होता. फुलपाखरांना उडण्यासाठी छातीचे स्नायू तापलेले असावे लागतात आणि ती ऊब ती उन्हातूनच मिळवतात. ढग आला की ती बसतात आणि ढग सरला की पंख उघडून किंवा मिटलेल्या पंखांची एक बाजू सूर्याकडे करून ऊन खातात. ढग सरल्यानंतरची ही पहिली एक-दोन मिनिटे जवळ जाण्यासाठी सर्वांत चांगली असतात, कारण अंग तापेपर्यंत फुलपाखरू सहसा जागा सोडायला तयार नसते. त्या दुपारी रस्त्याकडेच्या तेरड्यावर आणि घाणेरीवर आम्ही जवळ जाण्याचीच तालीम केली : आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही, उभ्याने वाकायचे नाही, गुडघ्यांवर बसूनच पुढे सरकायचे आणि कॅमेरा आधीच डोळ्याला लावून ठेवायचा, म्हणजे शेवटच्या क्षणी हात हलत नाही. फुलपाखराची दृष्टी बारीक तपशिलापेक्षा हालचाल टिपण्यात तरबेज असते, त्यामुळे आपण किती जवळ आहोत यापेक्षा कसे आलो यावर बरेचसे ठरते.

तिन्हीसांजेला निवासाच्या मागच्या पाचोळ्यातून कॉमन इव्हिनिंग ब्राउन उडू लागले. इतर फुलपाखरे विसावतात त्या वेळी हे फुलपाखरू जागे होते. पावसाळी पिढीच्या पंखांच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारखे ठळक ठिपके असतात, तर कोरड्या ऋतूतल्या पिढीत ते जवळजवळ नाहीसे होऊन पंख निव्वळ वाळक्या पानासारखा दिसतो, आणि कोणते रूप घ्यायचे हे अळीच्या वाढीच्या काळातले तापमान बऱ्याच अंशी ठरवते. ऑक्टोबरच्या शेवटी दोन्ही रूपे एकाच आवारात सापडतात. दोन्ही मिळाली. पाचोळ्यावर बसलेले हे फुलपाखरू अजिबात हलत नसल्याने मोनोपॉडच्या आधाराने १/३० सेकंद उघडा राहणारा संथ शटर वापरता आला आणि संध्याकाळचा निळसर उजेड फ्लॅशने घालवावा लागला नाही.

शुक्रवार : चौकुळचा सडा

सकाळी आंबोलीजवळच्या चौकुळच्या वाटेला लागलो. जांभ्या दगडाच्या तिथल्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, पावसाळी फुले आता उतरणीला लागली होती, पण आम्हाला फुले नको होती, वाळू लागलेला खुळखुळा हवा होता. हा खुळखुळा म्हणजे क्रोटालेरिया. वाळलेल्या शेंगा हलवल्या की आतले बी वाजते म्हणून लहान मुलांनाही तो परिचित असतो. ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर, कॉमन क्रो ही रुईच्या कुळातल्या विषारी झाडांशी नाते असलेली फुलपाखरे या झुडपाकडे मधासाठी येत नाहीत. ती येतात त्याच्या मोडलेल्या देठांकडे, कुरतडलेल्या पानांकडे आणि वाळत चाललेल्या शेंगांकडे, आणि येणाऱ्यांत नरच प्रामुख्याने असतात.

सड्याच्या कडेला एका झुडपावर ब्लू टायगर इतके दाटीने बसलेले होते की झुडपाची पाने लांबून निळसर काळी दिसत होती. मी आधी बराच वेळ नुसते पाहिले. प्रत्येक नर पानाच्या जखमेवर सोंड लावून बसला होता, आणि काही नर तर पायांच्या नख्यांनी पानाचा पृष्ठभाग खरवडून नवी जखम करत होते. या झाडात पायरोलिझिडीन गटातली अल्कलॉइडे, म्हणजे वनस्पतीने बनवलेली कडू विषारी द्रव्ये, असतात. नर ती शोषून घेतात आणि त्यांच्यापासून मादीला आकर्षित करणारे गंधद्रव्य तयार करतात. ज्या नराला हा रस मिळाला नाही त्याचे प्रणयाराधन फिके पडते. याच द्रव्यांमुळे पक्ष्यांना ही फुलपाखरे बेचव लागतात, आणि समागमाच्या वेळी नराकडून मादीला दिली जाणारी अल्कलॉइडे पुढे अंड्यांच्या संरक्षणालाही उपयोगी पडतात. एका वाळक्या शेंगेवर चाललेल्या या गर्दीचा संबंध थेट पुढच्या पिढीशी पोहोचतो, हे कळल्यावर ते दृश्य माझ्यासाठी वेगळे झाले.

इथे जवळ जाण्याची अडचण नव्हती. रस शोषणारे नर इतके गुंगलेले असतात की लेन्स हातभर अंतरावर आली तरी उठत नाहीत. अडचण होती ती निवडीची. सगळी गर्दी दाखवावी, तर नखी पानाला खरवडते आहे हे दिसत नाही, आणि नखी दाखवावी, तर ही सामूहिक घटना आहे हे कळत नाही. शेवटी मी दोन वेगळी चित्रे घेण्याचे ठरवले. पहिल्यात झुडूप आणि त्यामागचा मोकळा सडा ठेवला. दुसऱ्यासाठी एकच नर निवडला, कॅमेऱ्याचा सेन्सर त्याच्या मिटलेल्या पंखांना समांतर येईल असा कोन धरला, सोंडेच्या टोकावर फोकस केला आणि तो पाय उचलेपर्यंत वाट पाहिली. पायाची हालचाल जलद असल्याने १/१००० सेकंदाचा शटर आणि त्यासाठी आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता, १६०० पर्यंत वाढवावा लागला. चित्र थोडे दाणेदार आले, पण नखीखाली पानाचा सोललेला पापुद्रा स्पष्ट आहे, आणि माझ्या दृष्टीने त्या चित्राचे सगळे मोल त्या पापुद्र्यात आहे.

थोड्या वेळाने कॉमन क्रोचा एक नर झुडपाभोवती संथ घिरट्या घालू लागला. त्याच्या उदराच्या टोकातून पिवळ्या केसांचे दोन कुंचले बाहेर आलेले होते. हेच ते गंधद्रव्य हवेत पसरवणारे अवयव. हे कुंचले एरवी उदरात ओढून घेतलेले असतात, त्यामुळे बसलेल्या फुलपाखरावर ते सहसा दिसत नाहीत. उडत्या फुलपाखरामागे लेन्स फिरवण्यात अर्थ नसतो, म्हणून त्याच्या घिरटीचा मार्ग नीट पाहून घेतला, तो ज्या फांदीजवळून वारंवार जात होता तिच्यावर आधीच फोकस ठेवला आणि १/३२०० सेकंदाला सलग चित्रे घेतली. पिवळे कुंचले आणि डोळा दोन्ही स्पष्ट असलेले चित्र त्यातून मिळाले.

ब्लू टायगर आणि क्रो यांचे थवे मॉन्सूनच्या आगेमागे पश्चिम घाट आणि पूर्व घाट यांच्यामध्ये स्थलांतर करतात. त्या दिवशी सड्यावर जमलेले नर त्यातलेच होते की स्थानिक, हे छायाचित्रावरून सांगता येत नाही.

दुपारनंतर हिरण्यकेशीला गेलो. नदीच्या उगमाजवळच्या या कुंडात २०२० साली वर्णन झालेला शिस्टुरा हिरण्यकेशी हा मासा राहतो आणि २०२१ मध्ये या जागेला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, ही माहिती आता बहुतेक पर्यटकांनाही असते. देवळाच्या वाटेवरच्या झाडीत आम्ही ब्लू ओकलीफ शोधत होतो. मिटल्या पंखांनी हुबेहूब वाळक्या पानासारखे दिसणारे हे फुलपाखरू फुलांवर फारसे जात नाही. झाडाच्या जखमेतून पाझरणारा रस किंवा पडून कुजलेली फळे ही त्याची आवड. एका खोडावर ते खाली डोके करून बसलेले मित्राला दिसले, पण चित्र घेण्याइतका उजेड तिथे उरला नव्हता आणि फ्लॅश उडवून त्याला उठवण्याची आमची इच्छा नव्हती.

शनिवार : पारपोलीचा ओहोळ

घाट उतरून पारपोलीला आलो. फुलपाखरांचे गाव म्हणून ओळख मिळालेल्या या गावात वाट दाखवायला गावातलाच एक तरुण बरोबर होता. कोणत्या ओहोळाच्या कोणत्या वळणावर सकाळी किती वाजता ऊन पोहोचते, हे त्याला तोंडपाठ होते, आणि फुलपाखरांच्या छायाचित्रकाराला याहून मोलाची माहिती कोणी देऊ शकत नाही. पोहोचताच मी पुढे सरकू लागलो तेव्हा त्याने हलकेच दंडाला धरून थांबवले. “काका, वायंच थांबा. पयलां एक बसांदे, मगे सगळी येतली.”

आणि तसेच झाले. नऊच्या सुमारास ऊन वाळूवर आले, एक कॉमन ब्लूबॉटल येऊन बसले, मग दुसरे त्याच्याच शेजारी, आणि बघता बघता ओल्या वाळूच्या तेवढ्याच पट्ट्यावर ब्लूबॉटल, कॉमन जे आणि कॉमन इमिग्रंट यांची गर्दी झाली. आजूबाजूला तशीच ओली वाळू मोकळी असताना नवीन येणारे फुलपाखरू आधी बसलेल्यांच्या जवळच उतरते. बसलेले भाईबंद हीच त्याच्यासाठी चांगल्या जागेची खूण असते.

या क्रियेला मराठीत चिखलपान म्हणतात. वनस्पतींच्या पानांत आणि मधात सोडियम फार कमी असते आणि ते मिळवण्यासाठी फुलपाखरे ओल्या मातीवर, शेणावर, प्राण्यांच्या मूत्राने भिजलेल्या जागांवर येतात. इथेही येणारे बहुतेक नरच असतात. साठवलेल्या सोडियमचा काही भाग समागमात मादीकडे जातो आणि तिथून अंड्यांत पोहोचतो. क्षार थोडे आणि पाणी पुष्कळ, त्यामुळे शोषलेल्या पाण्यापैकी जास्तीचे पाणी फुलपाखराला सतत बाहेर टाकावे लागते. ब्लूबॉटल आणि जे यांच्यात ते स्पष्ट दिसते : सोंड वाळूत रोवलेली आणि उदराच्या टोकातून ठरावीक अंतराने उडणारा स्वच्छ थेंब.

मला तो थेंब हवा होता. पोटावर पालथे झोपून, कॅमेरा वाळूपासून चार बोटे उंचीवर ठेवून, ओहोळाकडे तोंड करून मी जागा घेतली, म्हणजे मागे सावलीतला काळोख येऊन उन्हातला थेंब उठून दिसेल. फोकस आपोआप ठेवला तर कॅमेरा पंखांवरच जात होता, म्हणून तो हाताने सोंडेच्या टोकावर बांधून टाकला. विषय एक चतुर्थांश आकारात घेतल्याने सोंडेपासून उदराच्या टोकापर्यंतचे बरेचसे अंग स्पष्ट येण्याची शक्यता होती, पण त्यासाठी फुलपाखरू नेमके सेन्सरला समांतर असायला हवे होते. वाळूवरची फुलपाखरे जागच्या जागी सारखी वळतात. एक ब्लूबॉटल हवे तसे आडवे झाल्यावर मी त्याच्यावरून नजर हलवली नाही. थेंबांमधले अंतर बऱ्यापैकी नियमित असते, ते मनात मोजले की शटर कधी दाबायचे याचा अंदाज येतो. १/२५०० सेकंदाला घेतलेल्या चित्रांपैकी एकात थेंब उदरापासून नुकताच सुटलेला आणि अजून लांबट आहे, दुसऱ्यात तो गोल होऊन वाळूकडे निघालेला आहे. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की एरवी केवळ ‘पाणी पिणारे फुलपाखरू’ असे वाटणारे दृश्य गाळण्याचे काम म्हणून समजते.

अशा जागी काही छायाचित्रकार मिठाचे पाणी ओततात किंवा बसलेली फुलपाखरे उडवून उडता थवा टिपतात. मिठाने फुलपाखरे येतात हे खरे आहे, पण मग ती ज्या जागी आली ती जागा त्यांनी निवडलेली राहत नाही आणि चित्रात दिसणारे वर्तनही आपण घडवलेले असते. थवा उडवल्यावर परत बसायला त्याला बराच वेळ लागतो, आणि त्या ओहोळावर ऊन राहणारा वेळच मुळात थोडा. मी दोन्ही गोष्टी करत नाही आणि बरोबर येणाऱ्यालाही करू देत नाही.

साडेदहाच्या आसपास एक राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉरमॉन, आली. महाराष्ट्राने २०१५ मध्ये तिला राज्य फुलपाखराचा मान दिला, आणि असा मान देणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. हाही नरच होता. ब्लूबॉटल पंख मिटून बसतात, हा मात्र वाळूवर टेकल्यावरही पुढचे पंख सतत थरथरवत राहिला. त्या थरथरीची जाणीव राहावी म्हणून मुद्दाम शटर १/१६० वर आणला : डोके, सोंड आणि मागचे पंख स्थिर आणि पुढचे पंख धूसर, असे चित्र मिळाले. हालचाल प्रत्येक वेळी गोठवलीच पाहिजे असे नाही.

अकरानंतर ऊन कडक झाले, सावल्या कठोर झाल्या, आणि वाळूवरची गर्दी विरळ होत गेली.

रविवार : मळभ

पहाटेपासून आभाळ भरून आले. ऊन नसेल तर ओहोळावर जाण्यात अर्थ नव्हता, पण अळ्या आणि कोश उन्हावर अवलंबून नसतात. आम्ही ज्या घरी उतरलो होतो तिथल्या काकींच्या परसात कढीलिंबाचे जुने झाड होते, आणि कॉमन मॉरमॉनच्या अळ्यांना कढीलिंब आणि लिंबूवर्गीय झाडेच लागतात. काकींनी सांगितले, “त्या फांदयेर एक कोश आसा, काल काळो पडलो.” कोश काळवंडणे म्हणजे आतले पंख पारदर्शक आवरणातून दिसू लागणे, आणि याचा अर्थ फुलपाखरू लवकरच बाहेर पडणार.

कोश शेपटीच्या टोकाला आणि कमरेभोवतीच्या रेशमी धाग्याने फांदीला बांधलेला होता. मी फांदीला हात न लावता शेजारी ट्रायपॉड उभा केला आणि फ्लॅशपुढे पांढऱ्या फोमचा पडदा धरून उजेड मऊ केला. आठच्या आत कोशाला डोक्याच्या बाजूने चीर गेली. पाय बाहेर आले, त्यांनी रिकाम्या कोशालाच धरून अंग ओढून घेतले, आणि फुगीर उदर व सुरकुतलेले छोटे पंख असलेले ते फुलपाखरू कोशाखाली लोंबकळू लागले. इथे बहुतेकांचे लक्ष पंखांकडे जाते. माझे लक्ष सोंडेकडे होते, कारण कोशातून बाहेर येताना फुलपाखराची सोंड एकसंध नसते. तिचे दोन अर्धे भाग सुटे असतात आणि पुन्हा पुन्हा गुंडाळून उलगडत फुलपाखरू ते एकमेकांत बसवते. ही जोडणी झाली नाही तर ते कधीच मध पिऊ शकत नाही. जवळजवळ प्रत्यक्ष आकाराच्या मोठेपणावर, दोन बारीक तंतू टोकाशी अजून वेगळे असल्याचे चित्र मिळाले. अशा वेळी सव्वा मिलिमीटरच्या खोलीत काम करावेच लागते, दुसरा उपाय नाही. पंधरा-वीस मिनिटांत पंख पूर्ण ताणले गेले, मग त्याने कोशातल्या काळातला टाकाऊ द्रव सोडला आणि पंख वाळवत ते बराच वेळ तिथेच राहिले.

दुपारी बांधावरच्या ऐनाच्या झाडाकडे गेलो. पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या, ज्यांना इकडे हुमले म्हणतात, त्या झाडावर होत्या, आणि लार्ज ओकब्लूच्या अळ्या अशाच झाडावर शोधायच्या असतात. या अळीच्या पाठीवर, मागच्या टोकाकडे, गोड स्राव देणारी एक ग्रंथी असते. मुंग्या मिशांनी अळीला थोपटतात, ती थेंबभर स्राव देते, आणि त्या बदल्यात तिच्यात अंडी घालू पाहणाऱ्या परजीवी गांधीलमाश्यांपासून आणि कोळ्यांपासून मुंग्या तिला वाचवतात. त्या ग्रंथीच्या मागे दोन बाजूंना आत ओढून घेता येणारे दोन बारीक स्पर्शक असतात. ते क्षणभर बाहेर येतात आणि त्याच वेळी भोवतालच्या मुंग्या एकदम सावध होतात.

इथे मित्राची १८० मिलिमीटरची लेन्स खरी कामाला आली. फांदीला जराही धक्का लागला की हुमले अंगावर धावून येतात, आणि त्यांच्या चाव्यापेक्षा वाईट गोष्ट म्हणजे त्या अळीला सोडून येतात, म्हणजे जे टिपायचे तेच बिघडते. त्याने दूर राहून, फ्लॅश बाजूला धरून, मुंगीची मिशी अळीच्या पाठीला टेकलेली असतानाचे चित्र घेतले. त्याला एरवी डोळ्यांपर्यंत चौकट भरलेली व्यक्तिचित्रे आवडतात आणि याबाबत आमचा जुना मतभेद आहे. पण हे चित्र त्याने स्वतःहून मोकळे घेतले, अळीबरोबर चार मुंग्या आणि शिवलेल्या पानाची कड ठेवून, आणि ते या प्रवासातले उत्तम चित्र आहे असे माझे मत आहे.

सोमवार : माकडलिंबू आणि परतीचा रस्ता

आभाळ निवळले. ओहोळाकडे जाताना ईश्वरीच्या वेलाजवळ एक कॉमन रोझ आणि त्याच झाडीत तिच्यासारखीच दिसणारी कॉमन मॉरमॉनची मादी, दोन्ही थोड्या अंतराने मिळाल्या. ईश्वरीच्या पानांतल्या विषामुळे रोझ पक्ष्यांना नकोशी असते. मॉरमॉन मात्र खाण्याजोगी, आणि तिच्या मादीची तीन रूपे असतात : एक नरासारखे, एक कॉमन रोझसारखे, एक क्रिमझन रोझसारखे. ही रूपे ठरवणारा जनुक डबलसेक्स हा आहे, हे फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून पुढे आले. वरून घेतलेल्या चित्रात दोघींतला फरक सहज लपतो. तो कळतो अंगावर, कारण रोझचे अंग लालभडक असते आणि मॉरमॉनचे काळे. म्हणून दोघींची चित्रे बाजूने आणि किंचित खालून घेतली, उदर फोकसमध्ये ठेवून, आणि पंखांची टोके थोडी मऊ झाली तरी चालवून घेतली.

शेवटची सकाळ राणी पाकोळीच्या मादीसाठी राखली होती. तिच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात आणि जंगलात त्यांतले महत्त्वाचे झाड म्हणजे माकडलिंबू. तरुणाने दाखवलेल्या सावलीतल्या एका लहान झाडापाशी आम्ही बसून राहिलो. फुलांवर येणारी मादी आणि अंडे घालायला जागा शोधणारी मादी यांचे उडणे वेगळे असते : दुसरी संथपणे, खालून, झाडाझाडाशी थबकत येते, क्षणभर एखाद्या पानावर टेकते आणि सोडून देते. त्या क्षणात ती पुढच्या पायांनी पानावर भराभर टकटक करते. तिच्या पायांवर चव कळणारी ज्ञानेंद्रिये असतात आणि या टकटकीने ती पानाच्या रसाची परीक्षा घेते. चुकीचे झाड असेल तर लगेच उठते.

मादी आली, दोन वेगळ्या झुडपांना टेकून गेली, मग माकडलिंबाच्या कोवळ्या पानावर पंख फडफडवत अधांतरी राहिली, टकटक केली, उदर वाकवले आणि पानावर एक अंडे चिकटवून निघून गेली. सगळे मिळून तीन-चार सेकंद. मी कोवळ्या शेंड्यावर आधीच फोकस बांधून, फ्लॅश न वापरता, १/२००० सेकंदाला चित्रे घेतली. झाडाचा शेंडा, काटा आणि पानांची रचना चौकटीत येईल इतकी मोकळी जागा ठेवली होती, कारण झाडाची ओळख पटली नाही तर अंडे घालण्याच्या चित्राला अभ्यासाच्या दृष्टीने फारसा अर्थ राहत नाही. ती गेल्यावर मी जवळ जाऊन मोहरीच्या दाण्याएवढ्या त्या अंड्याचे, पानासकट, वेगळे चित्र घेतले. पान तोडले नाही. काही दिवसांनी त्यातून पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी लहान अळी निघेल आणि पुढच्या अवस्थांची चित्रे तो तरुण त्याच्या फोनवर घेणार आहे. त्याच्या फोनला जोडायची एक छोटी मॅक्रो लेन्स मी त्याच्याकडे ठेवली, आणि एक चतुर्थांश आकाराचा हिशेब त्याला पुन्हा एकदा समजावून सांगितला.

दुपारी दाणोलीमार्गे सावंतवाडीकडे निघालो. गाडीत बसल्या बसल्या त्या त्या चित्रापुढे ठिकाण, वेळ, झाड आणि वर्तन यांच्या नोंदी लिहून काढल्या, कारण घरी पोहोचल्यावर झाडांची नावे मिसळतात. ‘बटरफ्लाईज ऑफ इंडिया’ या संकेतस्थळाकडे अंडे घालण्याचे, खुळखुळ्याचे आणि ऐनावरच्या मुंग्यांचे चित्र पाठवायचे आहे. त्यासाठी माकडलिंबाच्या शेंड्याचे आणि ऐनाच्या सालीचे स्वतंत्र चित्र मी घेतले आहे. खुळखुळ्याची जात ठरवण्यासाठी मात्र त्याच्या पानांची आणि शेंगांची चित्रे आधी वनस्पती जाणणाऱ्या एका मैत्रिणीला दाखवणार आहे.